न्हाणीतली देवी

लालासाहेब माझा थोरला दीर. तोंडावर त्याला मी दादा म्हणते. पाठीमागं काय म्हणते ते चार माणसांत सांगायसारखं न्हाई.

वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, पण लाईटचा मीटर एकच राहिला, तो त्याच्या सोप्यात. माझा नवरा जयराज फौजेत. गेल्या सुट्टीला आला तवा त्यानं मीटरच्या बोर्डावर ईएलसीबी बसवला. म्हणाला, "राजे, करंट वायर सोडून माणसाच्या अंगातनं जमिनीत जायला लागला, की हे बटन आपसूक पडतंय. नुसत्या फ्यूजच्या भरवशावर ऱ्हायलीस तर फ्यूज जागेवर आन् माणूस गेलेला. कुणाला हात लावू द्यायचा न्हाई." सुट्टी संपली, गेला.

मग बटन सारखं पडायला लागलं. कवा? जाऊबाई न्हाणीत तांब्याच्या घंगाळात पाणी तापवायचा रॉड सोडायच्या, तवाच. दोन्ही घरांची लाईट जायची. रॉड खराब झालाय हे शेंबडं पोरगंबी सांगंल. पण दादांनी काढलं की मीच जळून बटन पाडते. अंगणात उभं राहून माझ्या माहेराचा उद्धार केला. मी म्हटलं, "रॉड बदला." तर ह्या बाबानं रहिमतपुरातनं कोण तरी वायरमन आणला आन् ईएलसीबीला बगल देऊन वायर डायरेक्ट जोडून घेतली. रॉड तोच.

आन् आठवड्याच्या आत माझ्या सासूच्या अंगात देवी आली.

साळूबाई माझी सासू. घंगाळात तांब्या बुडवला, हात थडाथडा उडाला, आन् म्हातारी "आई आली गं, आई आली!" म्हणत ओल्या लुगड्यानं भाईर. झालं! मंगळवार-शुक्रवार दारात बायकांची रीघ. म्हातारी घुमायची आन् दादा खुर्ची टाकून अंगारा वाटायचा. एरवी ज्याला चावडीवर कुत्रं विचारत न्हवतं, त्याच्या आता वाकून पाया पडत होते लोक. आन् जाऊबाईंना त्याची सक्त ताकीद, म्हातारी अंघोळीला बसली तरी रॉड काढायचा न्हाई, पाणी गार होतंय.

मी सासूला म्हटलं, "आवं आत्ती, ती देवी न्हाई, करंट हाय. आज हात उडतोय, उद्या जीव जाईल."

"काळतोंडे, तुला माझी देवी बघवंना व्हय?" म्हणाली आन् माझ्या अंगावर तांब्या फेकला. लागला की खांद्याला! मला काय ही म्हातारी आवडत न्हाई, खोटं कशाला बोलू. पण म्हणून तिला डोळ्यांदेखत मरू देऊ?

पौर्णिमेला सगळी भावकी जमली, जतचे पाहुणेबी आले. दादांनी सांगून ठेवलेलं, आज आई दोन्ही हात घालणार पाण्यात. दोन्ही हात! म्हातारी उठली तशी मी जाऊन न्हाणीच्या दारात आडवी उभी राहिले. पदराचंबी भान न्हवतं मला.

"सर बाजूला," दादा खेकसला.

"सरते की. पण आधी तुमी हात घाला पाण्यात."

"मी?"

"देवी हाय नव्हं? मग लेकाला काय करणार हाय ती? घाला."

"ह्या बाईचं डोस्कं फिरलंय," दादा भावकीकडं बघत म्हणाला. पण कुणी हसलं न्हाई. एक पाहुणा बोलला, "घाल की रं लालासाहेब, त्यात काय एवढं!"

समदी बघत होती. दादांनी बाही वर सारली. आत आला, घंगाळापाशी वाकला. पाण्यावर हात नेला, थांबला. मग मान खाली घालून त्यानं तोच हात भिंतीकडं नेला आन् रॉडचं बटन बंद केलं.

सासू माझ्या खांद्यावरनं बघत होती. तिचा श्वास माझ्या मानंला लागत होता.

"लाला," ती म्हणाली, "बटन कशाला बंद केलंस रं?"