दाराबाहेरची डावी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. डाव्या पायाची. पण मला उलटी करून पाहिलीत तर विश्वास बसणार नाही, इतका माझा तळ कोरा आहे. ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नाही.

माझा जन्म एका शिंप्यासाठी झाला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मधुमेहाने त्यांच्या पावलांतली जाणीवच गेली होती. खडा टोचला तरी कळत नसे. अशा पायांसाठी चपला तयार करणारी एक डिझायनर ताई त्यांच्या घरी आली. तिने पावलांचे ठसे घेतले, बोटांमधली फट मोजली, पट्ट्याचे वळ कुठे उठतात ते पुन्हा पुन्हा विचारले. मग मऊ तळाचा, रुंद पट्ट्यांचा आमचा जोड तयार झाला. आम्हाला बक्षीस मिळाले. काचेच्या पेटीत ठेवून लोकांनी आमचे फोटो काढले. तेव्हा मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले होते.

ताईने सगळे विचारले. मास्तर चपला काढतात कुठे, एवढेच विचारले नाही. सुचणार तरी कसे? तिने स्वतःचे बूटही दाराबाहेरच काढले होते.

आम्ही घरी आलो आणि उंबऱ्याबाहेरच राहिलो. मास्तरांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, फरशी आरशासारखी लख्ख.

"इतकी चांगली चप्पल, बाहेर जाताना घाला. घरात कशाला झिजवायची?" काकू म्हणाल्या.

"खरंय. घरात काय काटे पेरलेत?" मास्तर हसले.

आता मास्तर बाहेर जाणार किती? त्यांचे मशीन घरातच, खिडकीपाशी. दिवसभर ते अनवाणी पायांनी चालवत. शिंप्याच्या घरात काटे नसतात हे खरे, पण सुया असतात.

एके सकाळी फरशी पुसता पुसता काकू थांबल्या.

"अहो, हा रक्ताचा डाग कुणाचा?"

"माझा नसेल. मला काही दुखत नाहीये."

मी बाहेरून ऐकत होते. काकूंनी डाग पुसला आणि कामाला लागल्या. सुईचा तुकडा डाव्या अंगठ्याखाली रुतला होता. बऱ्याच दिवसांनी तो सापडला, तेव्हा पाऊल काळे पडले होते. दवाखान्यातून मास्तर कुबड्यांवर परतले, ते पाऊल तिथेच ठेवून.

आता माझी उजवी बहीण घरात असते. काकू रोज तिचा तळ पुसून स्वतःच्या हाताने तिला मास्तरांच्या पायात घालतात. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. मला तिचा हेवा वाटतो आणि काकूंचा रागही येतो. मध्यंतरी ताई भेटायला आली. माझ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली, मग सवयीने माझ्याच शेजारी बूट काढून आत गेली.

मित्रांनो, उद्या तुम्ही कुणासाठी काही घडवाल तेव्हा पाय मोजाच, पण तो दिवसभर कुठे टेकतो तेही बघा. आणि माझ्यासारखीला जपून ठेवू नका. झिजवा. मी झिजण्यासाठीच जन्मले होते.

परवा काकू मला फेकायला निघाल्या होत्या. मास्तरांनी थांबवले.

"राहू दे गं," ते म्हणाले. "अजून नवी आहे."