बाहीचं टोक

शाळा निवडायची तर लोक निकाल बघतात, फी विचारतात, फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या मिशासुद्धा न्याहाळतात. आपला शिंपी मात्र कपडे बघत होता. त्याचाही नाइलाज होता. या नव्या शहरात येऊन अकरा महिने झाले, तरी त्याची खरी ओळख होती ती दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या गणवेशांशीच.

बायको आणि सहा वर्षांची भिंगरी अजून जुन्याच घरी होत्या. भिंगरी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. पण ती दोन मिनिटं एका जागी उभी राहिली, तर घरात थर्मामीटर शोधायला लागायचे. शाळा ठरली की त्याच वस्तीत खोली घ्यायची आणि दोघींना आणायचं, असा बेत होता. घोडं अडलं होतं ते शाळेपाशीच.

"अहो, अजून किती दिवस हा घोळ?" बायको फोनवर म्हणायची. "टेकडीवरची शाळा चांगली आहे म्हणतात ना सगळे?"

"अगं, तिथली पोरं बाह्या चघळतात."

"काय करतात?"

खरंच होतं ते. टेकडीवरच्या शाळेचे कपडे यायचे कडक इस्त्रीचे. गुडघ्याला डाग नाही, खिशात खडा नाही. पण बाहीचं टोक चघळून चघळून दोरे सुटलेलं. वीस वर्षं सुई चालवल्यावर त्याला एवढं कळत होतं, की पोर काही भुकेनं बाही चघळत नाही. मनात काहीतरी धरून बसलं की चघळतं. पुलापलीकडच्या साध्या शाळेचे कपडे म्हणजे धुळवडच! गुडघे फाटलेले, खिशात खडे, पिसं, एकदा तर जिवंत गोगलगाय. बाह्या मात्र शाबूत.

त्यानं पुलापलीकडे खोली घेतली. खिडकीतून शाळेची घसरगुंडी दिसायची. मग भिंगरीचा गणवेश कापायला घेतला. माप फोनवर विचारता आलं असतं, पण त्याला ते आपल्या आठवणीतलंच हवं होतं. ती गळ्यात पडायची तेव्हा तिचे हात मानेमागे कुठवर पोचायचे, तेवढी बाही त्यानं कापली. कापताना तिची इतकी आठवण आली की कात्री खाली ठेवून तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

पुढच्याच आठवड्यात दोघी आल्या. भिंगरी आईच्या मागे उभी होती. नुसती उभी. त्यानं हात पसरले, तरी जागची हलली नाही. तिनं हळूच हात तोंडाशी नेला. फ्रॉकच्या बाहीचं टोक ओलं होतं, दोरे लोंबत होते. दुसऱ्या बाहीचंही तेच.

शिंप्यानं बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही गेल्यापासून," ती म्हणाली. "फोनवर काय सांगायचं?"

अकरा महिने तो लोकांच्या पोरांच्या बाह्या तपासत बसला होता.

खोलीवर त्यानं भिंगरीला नवा गणवेश घातला. बाही मनगटाच्या बरीच वर अडकली. टेप घेऊन तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"बाबा," ती पहिल्यांदाच बोलली, "तुम्ही पण इथेच राहणार?"

"हो गं. इथेच."

तिनं जरा विचार केला आणि एकदम त्याच्या गळ्यात पडली. मानेमागे पूर्वी जेमतेम भेटणारे तिचे हात आता एकमेकांना ओलांडून थेट त्याच्या पलीकडच्या खांद्यांवर पोचले. टेप हातातच राहिली.

"चार बोटं," तो बायकोला म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना. "चार बोटं वाढली गं ही, मी नसताना."