दुपारी झोपणारं कार्ड

रोदेलचा रेडा पळायला तयार होता, पण त्याला पळवणारा कॉम्प्युटर रोज दुपारच्या जेवणानंतर बंद पडत होता.

रेडा रोदेलने बनवलेल्या छोट्या कार्टून फिल्ममधला. सान इसिद्रोच्या मिरवणुकीत सजवलेला रेडा स्वतःच्याच गळ्यातल्या माळा खातो आणि पळून जातो, गाव त्याच्या मागे. एवढीच गोष्ट. आमच्या बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, कप्तानाने शब्द दिला होता, की फिएस्ताच्या, गावजत्रेच्या, संध्याकाळी नाचाआधी बास्केटबॉलच्या मैदानावर पडदा बांधून ती दाखवू. फिल्म वेळेत झाली नाही तर तो वेळ कप्तानाच्या भाच्याला मिळणार होता. भाचा कराओके गातो. त्यामुळे फिल्म पूर्ण व्हावी असं रोदेलपेक्षा गावालाच जास्त वाटत होतं.

रोदेल माझा मावसभाऊ. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी नोकरीच्या उत्तराची वाट बघत होते आणि तोवर तिया फेलीकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, राहत होते. इलोइलोतला मे महिना. पत्रा दिवसभर तडतडायचा.

रोदेलचं काम संपलं होतं. उरलं होतं ते ग्राफिक्स कार्डाचं. एकेक चित्र घ्यायचं, त्यात ऊन, सावली आणि रेड्याच्या अंगावरचा केस न् केस भरायचा. या कामात कार्ड तापतं आणि फार तापलं की स्वतःला वाचवायला कॉम्प्युटर बंद होतो.

"म्हातारं झालंय ते, जोव्हे," रोदेल म्हणाला. "मी वेग अर्ध्यावर आणतो. निदान मरणार तरी नाही."

"मग फिएस्ताच्या दिवशी तुझा रेडा चर्चच्या दारातच उभा असेल."

"उभा रेडा दाखवू. शांत फिल्म."

"आणि मग कराओके?"

त्याने स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ होतीच, शिवाय तियाच्या शिवणकामाचे रंगीबेरंगी धागे. रंगाच्या ब्रशने सगळं झाडून काढलं. कार्डाच्या चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बिस्किटासारखी वाळली होती; ती खरवडून नवी लावली. उभा पंखा आणून थेट डब्यावर सोडला. सकाळभर तापमान सत्तरच्या आसपास राहिलं आणि मी स्वतःवर फार खूश झाले. जेवणानंतर सगळे झोपले. उठून पाहिलं तर पडदा काळा.

दुसऱ्या दिवशी तेच. पण या वेळी मी तापमानाचा आलेख साठवून ठेवला होता. ऊन खोलीला हळूहळू तापवतं, त्यामुळे रेघ चढासारखी वर जायला हवी होती. इथे सरळ भिंत होती. ठरावीक क्षणी काहीतरी घडत होतं.

"दुपारी या खोलीत कोण येतं?" मी विचारलं.

"दुपारी? आईच्या भीतीने पालसुद्धा भिंतीवर हलत नाही."

मग तिसऱ्या दुपारी मी माझ्या चटईऐवजी शिलाई मशीनमागच्या पडद्याआड आडवी झाले.

तिया फेली अनवाणी आली. डब्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला, तिने तळहात ठेवला. घाम आलाय का बघायला लहान मुलाच्या कॉलरमध्ये हात घालून पाठ चाचपतात तसा. जिभेने च्च केलं. आधी पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग खांद्यावरचा छोटा टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि डब्याच्या मागच्या जाळीवर खोचला. एक टोक वरून बाहेर, आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर घाम टिपायला टॉवेल खोचतात तसं. आतले पंखे घरघरायला लागले.

"श्श," तिया म्हणाली आणि डब्याला थोपटलं.

मी उठून टॉवेल ओढला.

"झोपली नाहीस तू?" तिने उलट मलाच विचारलं.

"तिया, हे रोज करतेस?"

"मग कोण करणार? पाठ बघ त्याची, भाजतेय. आणि तुम्ही शिकलेली माणसं तापलेल्या अंगावर सरळ वारा सोडता. गरम-गार होऊन पास्मो होईल त्याला."

"यंत्राला पास्मो?"

"माझ्या शिलाई मशीनला झालाय. खूप वेळ शिवून लगेच गार तेल घातलं, तेव्हापासून सुई थरथरते."

"टॉवेलने बरं वाटतं त्याला?"

"वाटतं म्हणजे काय. थोडा वेळ कुरकुरतो, मग गाढ झोपतो. तुम्ही उठायच्या आत मी टॉवेल काढून घेते, पंखा होता तसा करते. घामाचा टॉवेल पाठीवर राहू नये."

रोज तोच उपाय, रोज तेच निरीक्षण, रोज तोच निष्कर्ष. तिचा प्रयोग माझ्यापेक्षा काटेकोर होता. फक्त झोप ही झोप नव्हती.

मी तिचा हात धरून जाळीसमोर नेला. "बघ. ही पाठ नाही, नाक आहे. आतली गरम हवा तो इथून बाहेर सोडतो. तू टॉवेल नाकावर दाबत होतीस."

तियाने हात तसाच ठेवला. गरम हवा तिच्या बोटांमधून जात होती.

"आणि तो झोपायचा ते?"

"बेशुद्ध पडायचा."

तिने छातीवर क्रूस काढला. "रोदेलला सांगू नकोस."

"काय सांगू नकोस?" रोदेल दारात उभा होता.

ऐकल्यावर तो हसत हसत जमिनीवरच बसला. तिया म्हणाली, "हस. तुझ्या पाठीवर टॉवेल नसता तर हसायला फुप्फुसं राहिली नसती."

टॉवेल बंद करायचं तिने कबूल केलं, पंख्यावरून मात्र ती हटेना. शेवटी तिनेच तोडगा दिला. "वारा समोरून चालेल. पाठीमागून नको." डबा हवा समोरूनच आत घेतो, म्हणून मी ताबडतोब कबूल झाले. आमची कारणं वेगळी होती, पंखा एकाच जागी होता. डबा भिंतीपासून पुढे ओढला, रोदेलने वेग पूर्णच ठेवला आणि त्या दुपारी कॉम्प्युटर जागा राहिला. तियाही जागी राहिली. हातपंखा घेऊन ती डब्यामागे बसायची आणि तिथून कुणालाच जाऊ द्यायची नाही, मांजरालाही नाही.

फिएस्ताच्या दिवशी बँड आमच्या दारावरून गेला तेव्हा शेवटची चित्रं तयार होत होती.

संध्याकाळी मैदानावर रेडा पळाला. त्याने कप्तानासारख्या दिसणाऱ्या माणसाची टोपी खाल्ली तेव्हा सगळ्यात मोठ्याने कप्तानच हसला. पुन्हा लावा म्हणून लोक ओरडले. भाचा माइक धरून दोन्ही वेळा थांबून राहिला.

रोदेल इस्त्रीच्या शर्टात पडद्याशेजारी उभा होता. बँडमधली ट्रम्पेटवाली मुलगी त्याला विचारत होती की रेड्याचे केस कसे केले. तो रुबाबात सांगत होता आणि घामाने निथळत होता. तेवढ्यात मागून तिया आली, कॉलरमध्ये हात घालून तिने त्याची पाठ चाचपली आणि खांद्यावरचा टॉवेल आत खोचला. एक टोक वरून बाहेर.

"आई," तो दातांतल्या दातांत म्हणाला, "टॉवेल बंद असं ठरलं होतं ना आपलं."

"का?" तिया म्हणाली. "तू पाठीने श्वास घेतोस?"