मथुरा मुलगा पाहायला निघाली

आता भिलाईच्या नेहरू नगरात हायवेच्या कडेनं एवढी घरं झालीत की सायकल टेकवायला मोकळी भिंत सापडत नाही. कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहत होत्या त्या काळात तिथून उत्तरेला पाहिलं तर नुसता भाठा दिसायचा. भाठा म्हणजे तांबड्या मुरमाची उजाड, उंचवट्याची जमीन. तिच्यावर बोरीची काटेरी झुडपं, खुरटे पळस, आणि मार्च लागला की प्यायला थेंब नाही. तो भाठा मी मथुरेबरोबर पायी तुडवला आहे. एकटी गेले असते तर निम्मा त्रास झाला असता.

आमची क्वार्टरं एकाला एक लागून होती. माझं लग्न नुकतंच झालेलं. आम्ही भंडाऱ्याकडचे कुणबी. मथुरेचे वडील शालिकरामकाका नागपूरचे, कारखान्यात फिटर. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या सगळ्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मथुरा मॅट्रिक झालेली, आणि तोंडानं अशी फटकळ की तिच्याशी भांडायला नको म्हणून भाजीवाला आधीच भाव कमी करायचा.

भय्याजी नावाच्या मध्यस्थानं तिला स्थळ आणलं. देवीदास मेश्राम, चुनखडीच्या खाणीवर नोकरीला. मुलाकडच्यांनी तिला पाहिलं, चालवून पाहिलं, पेपर वाचून घेतला. मुलाला स्वतःला सुट्टी मिळाली नाही. त्याचा फोटो आला. काका येत्या रविवारी शब्द देणार होते.

"फोटोत त गाढवबी शांत दिसते," मथुरा मला म्हणाली. "मले त्याले पाह्यचं हाये. कसा राह्यते, चार लोकाइत कसा बोलते. मंग हो म्हणीन, नाहीत नाही."

"अवं, पोरी जातात काय कुठं पोरगा पाह्यले?"

"येतं त ये. नाहीत मी एकटी चालली."

ती खरंच एकटी गेली असती, म्हणून मी गेले. खाणीवर ट्रक जायचे, पण सगळे ड्रायव्हर काकांच्या ओळखीचे. संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली असती. म्हणून भाठ्यातली बैलगाडीची वाट धरायची, दुपारी खाणीवर पोचायचं आणि परतीला एखाद्या गावात मुक्काम करायचा असं ठरलं. घरी सांगितलं, कुम्हारीला माझ्या मावसबहिणीकडे जाऊन येतो. हे मी सांगितलं. मथुरा तोंड फिरवून उभी, कारण तिला खोटं बोलायचं नव्हतं. म्हणजे खोटं बोलायचं काम माझं, मुलगा पाहायचं काम तिचं.

पहाटे निघालो. उन्हं वर येईपर्यंत तिनं माझ्या चालण्याला, माझ्या शिदोरीला आणि माझ्या नवऱ्याच्या मिशीला नावं ठेवून झाली होती. मग तिच्या पायात बोरीचा काटा गेला. काटा निघाला, रक्ताचा ठिपकाही नव्हता, तरी मी पाठ वळवली तेवढ्यात बाईनं आमच्या फिरकीच्या तांब्यातलं सगळं पाणी पायावर ओतलं.

"अवं, प्याचं पाणी व्हतं ते!"

"जखम धुवावं लागते. सायन्समधी हाये."

"आता तुह्या सायन्सलेच पेजो."

पुढचं गाव येईपर्यंत जीभ टाळूला चिकटली होती. गावाच्या कडेला विहीर होती, चार-पाच बायका पाणी भरत होत्या. त्यांनी छत्तीसगढीत विचारलं, "कोन गाँव के हव नोनी? का जात?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "भिलाई से आये. दोनों बहन हैं. कुनबी."

एकीनं लगेच माझ्या ओंजळीत पोहरा ओतला. मी पोटभर प्याले, तांब्या भरून घेतला आणि मथुरेकडे वळले, तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

"ये कुनबी है," ती बायकांना म्हणाली. "मैं इसकी बहन नहीं. मैं बौद्ध हूं."

"ओ का होथे?" एका म्हातारीनं विचारलं.

झालं. भर उन्हात मथुरेनं त्यांना दीक्षा म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. बायका घागरी खाली ठेवून ऐकत होत्या. त्यांना गोष्ट आवडली असावी. शेवटी म्हातारीनं विचारलं, तुम्ही आधी कोण होता? मथुरेनं सांगितलं, महार. बायका हळूच मागे सरकल्या. पाणी देणार नाही असं कोणी म्हणालं नाही. म्हातारी म्हणाली, तिकडे दगडापाशी बैस, वरून ओतते.

"नको," मथुरा म्हणाली आणि चालू लागली.

मी मागून धावले. तांब्या पुढे केला. "घे, पी. हा त माहा तांब्या हाये ना?"

"ते खोटं बोलून घेतलेलं पाणी हाये."

"घरी म्या खोटं सांगतलं तवा चाललं तुले!"

"तेबी चाललं नव्हतं. मी चूप बसलो होतो."

भरलेला तांब्या कमरेवर घेऊन मी चालत होते आणि माझ्यापुढे एक तहानलेली बाई, ओठ तडकलेली, ताठ मानेनं चालत होती. इतका संताप मला नंतर स्वतःच्या पोरांचाही आला नाही. पुढे कोरडा नाला लागला. तिथं तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी रेती उपसून झिरा काढला आणि त्यात गढूळ पाणी पाझरेपर्यंत उकिडवी बसून राहिली. मी पळसाखाली. ते नितळायलाही तिनं थांबू नये? तशीच ओंजळ भरून प्याली.

"कसं लागलं?" मी विचारलं.

"मातीसारखं," ती म्हणाली. "चाल."

खाणीवर पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होत होती. एका ठेकेदाराची मेस होती, पत्र्याची लांब शेड. तिथंच पलीकडे माणसांच्या बाजा. स्वयंपाकी महाराज दारात बादलीतली डाळ ढवळत होता. मी देवीदास मेश्रामांबद्दल विचारलं.

"मेश्राम कोई नहीं यहां," महाराज म्हणाला. "नागपुर का एक देवीदास है. देशमुख."

मला वाटलं, दुसरा कोणी असेल. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकलेला, चुन्याच्या धुळीनं भुवयांपर्यंत पांढरा झालेला एक तरुण आला. फोटोतलाच चेहरा. मथुरेनं त्याला सरळ शेडच्या मागे बोलावलं आणि आपण कोण ते सांगितलं. तो बिचारा टॉवेलनं तोंड पुसायला लागला.

"तुमी देशमुख कधीपासून झाले?" तिनं विचारलं.

"हळू बोला जी." त्यानं मागे वळून पाहिलं. "आल्या आल्या खरंच सांगतलं होतं. पलीकडच्या मेसमधी. त्याइनं ताट बाहेर देल्लं, झोपाले जागा नाही देल्ली. महिनाभर फुटाणे खाऊन झाडाखाली झोपलो. मंग इथं देशमुख सांगतलं. पोट भरते, बाज हाये. का चुकलं माह्यं?"

मला त्यात काही चुकलेलं दिसेना, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "काही नाही चुकलं. पाह्यलं ना मथुरे? चाल आता."

"बाबा रविवारी मेश्रामाले शब्द देऊन राह्यले," ती त्याला म्हणाली, "देशमुखाले नाही. आज जेवाले बसान तवा आपलं नाव सांगा. मी इथं उभी हाओ."

"अन् त्याइनं हाकललं त?"

"त हाकललं."

"सोपं हाये तुमाले. तुमी उद्या आपल्या घरी. मी झोपू कुठं?"

 ती खाली बघत म्हणाली, "नसन सांगाचं त नका सांगू. मी जातो परत. बाबाले सांगीन का मलेच पसंत नाही. तुमचं नाव खराब नाही होणार."

तो चिडून आत गेला. आम्ही पत्र्याच्या फटीतून पाहत होतो. पंगतीत बसला. महाराज वाढत वाढत त्याच्यापुढे आला. देवीदास काहीतरी बोलला. खाणीच्या मशीनच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. पण महाराजाची पळी बादलीतच राहिली. तो पुढच्या ताटाकडे सरकला. जेवणारे सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. कोणी ओरडलं नाही, कोणी उठलंही नाही. देवीदास रिकामं ताट पुढे घेऊन बसून राहिला, पंगत संपेपर्यंत. मग उठला, ते कोरडं ताट धुतलं, जागेवर ठेवलं आणि बाजेकडे गेला.

मथुरेनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

तो ट्रंक आणि गुंडाळलेली वळकटी घेऊन बाहेर आला. उद्यापर्यंतची सुट्टी मागून घेतली होती. भिलाईत मजुरांच्या कॅम्पमध्ये त्याचा चुलतभाऊ होता. त्याच्याकडे राहून पुढे ट्रकनं ये-जा करणार म्हणाला; आज मात्र आमच्याबरोबर पायीच निघाला.

"झालं समाधान?" त्यानं मथुरेला विचारलं.

 त्याच्या काखेतली वळकटी ओढून घेऊन तिनं डोक्यावर ठेवली.

"राहू द्या, मी नेतो."

"कावून राहू देऊ?"

यावरून पहिल्या वळणापर्यंत भांडण झालं. सकाळपासून एकटीची कटकट होती, आता दोघांची. शिदोरीतली उरलेली भाकर मी त्याला दिली, तर ती खाता खाता तो दुःखानं म्हणाला, "आज वांग्याची भाजी होती."

मथुरा पुढे चालत होती. मागे न वळता म्हणाली, "रविवारी घरी या. वांगे करीन."

त्याला काही कळलं नसावं. मला कळलं, आणि मी एवढी पायपीट केल्यावर हे माझ्याकडे बघून तरी सांगायचं, असं मनात आलं. ती भराभर पुढे गेली. देवीदास ट्रंक सांभाळत माझ्या बरोबरीनं आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, "ताई, ह्या नेहमीच अशा असतात काय जी?"

"नाही," मी म्हटलं. "आज नरम हाये."

त्यानं ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.