खालचं पातं

“चिकाटी असली की जगातली कोणतीही मोडकी वस्तू पुन्हा उभी राहते,” असं लोणारच्या आपल्या अंगणात जाहीर करून उकंडरावांनी धनुष्याची दोरी ओढली. बांबूचं नवं पातं काडकन मोडलं. एक तुकडा शेजारच्या वाळवणात गेला, दुसरा त्यांच्या कपाळाला लागला. ऐकायला फक्त शेळी होती. तिनेही तोंड फिरवलं.

हे सहावं पातं. धनुष्य तीन भागांचं होतं: मधे मूठ, वर एक पातं, खाली एक, सगळं स्क्रूने जोडलेलं. बत्तीस वर्षांपूर्वी भावांची वाटणी झाली तेव्हा शेत, विहीर, भांडी निम्मी झाली आणि दोघांनी मिळून घेतलेलं धनुष्य उरलं. एक पंच फार न्यायी होता. त्याने पाना मागवला. मूठ आणि वरचं पातं थोरल्या उकंडरावांना, खालचं पातं आणि बाण धाकट्या माणिकरावांना. अन्याय कोणावरच झाला नाही. बाण मात्र त्यानंतर कोणी मारला नाही.

जुन्या मुठीला बसेल असं पातं शोधत बुलढाणा झालं, शेगाव झालं, पुणं झालं. दिल्लीच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं की ती कंपनीच बुडाली; भिंतीवर टांगा, शोभेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र दिवाळीपर्यंतचीच हमी दिली होती. काचबिंदू. त्याआधी एक बाण मारायचा आणि तो लागताना पाहायचा, एवढंच उकंडरावांना हवं होतं. कपाळाला हळद दाबून, मूठ पिशवीत घालून ते धाकट्याच्या गावी, बीबीला जाणाऱ्या बसमध्ये बसले.

माणिकराव खाटेवर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि मोठ्या दवाखान्याने ‘आता घरी न्या’ म्हटलं होतं. खालचं पातं उशाशी, ठेंगण्या खिडकीच्या गजाला उभं बांधलेलं होतं. दोरी अडकवायच्या खाचेत सलाईनची बाटली लटकत होती.

भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे सगळं माणिकरावांच्या बायकोमार्फत, जनकाबाईंमार्फत झालं.

“त्याले इचार, कायले आला.”

“जनका, त्याले सांग, पातं पाह्यजे.”

दोघांत दोन हातांचं अंतर होतं. जनकाबाई निरोप पोचवायच्या भानगडीत न पडता नुसती मान इकडून तिकडे वळवत होत्या.

“त्याले म्हण, घेऊन जाय. मले आता कोणाले मारा लागते?”

उकंडरावांनी बाटलीकडे पाहिलं. ती दुसरीकडे कुठे टांगता येईल, हे त्यांनी विचारलं. जनकाबाईंनी कोऱ्या भिंती दाखवल्या. शेवटी त्यांनी बाटली डाव्या हातात घेतली, हात वर ताणला आणि उजव्या हाताने गाठ सोडली.

“भाऊजी, हात खाली नोका आणू,” जनकाबाई म्हणाल्या. “रक्त उलटं चढते.”

माणिकरावांनी डाव्या हाताने पातं पोटावर ओढलं, पिशवीकडे बोट केलं. जनकाबाईंनी मूठ धरून ठेवली. वरचं पातं मुठीला होतंच. माणिकरावांनी खालचं मुठीच्या खाचेत सारलं आणि एका हाताने स्क्रू फिरवत गेले. सहा फेरे. मग थांबून अर्धा. वाकडं तोंड किंचित हललं.

धनुष्य पुरं झालं. दोरी उकंडरावांच्या खिशात होती. ती चढवायला एकाच माणसाचे सरावाचे दोन हात लागतात. भावांकडे मिळून तीन होतेही, पण एक बाटली धरून होता आणि जनकाबाईंचा हात तेवढा उंच पोचत नव्हता.

पाचची शेवटची बस बाहेर हॉर्न देऊन गेली. बाटली अजून निम्मी होती. उकंडरावांनी कोपर ताठ केलं आणि खाटेवरच्या धनुष्याकडे, दिसत होतं तोवर, पाहत राहिले.

“दादा,” माणिकराव म्हणाले. जनकाबाईंची मान सवयीने वळली, पण ते त्यांच्याकडे पाहत नव्हते.

“काय बे?”

“जरा तिकडे सरक. पंखा अडवून राह्यला तू.”