दुर्गेश्वरीची सही

मी गावची आशा वर्कर. चौदा वर्सं झाली. सालेकश्याच्या या जंगलपट्टीत कोन्या बाईची पाळी चुकली तर तिच्या नवऱ्याच्या आधी मले मालूम पडते. त्याचा मले मोठा तोरा होता. आता तो उतरला, म्हनून सांगून राहिली.

दुर्गेश्वरी आमच्या बचतगटाची सचिव. दहावी पास. सही अशी झोकात करे का बँकेतला साहेबही पाहत राहे. दोन पोरी होत्या तिले. दुसरीच्या वक्ती इतकं रक्त गेलं का बाटल्या चढवा लागल्या. मी संगच होती, डॉक्टरीनबाईनं मायासमोर बजावलं होतं, आता पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतन.

तरी गेले. नवरा उमेंद्र महिनाभर घरी राहून तेलंगानात मिरची तोडाले गेला, अन् मागं हिची पाळी चुकली. ती मले शोधत माया घरी आली. चप्पलही काढली नाही. सरळ म्हनली, ताई, हे मले नाही पायजे, मले दवाखान्यात ने.

मी बाई कायदा सांगाले बसली. नवऱ्याची सही लागते म्हटलं, तो येऊ दे. कोनी सांगतलं होतं मले? मायाआधीची आशा सांगे, म्हनून मीही सांगे. कधी कागद उघडून पाह्यला नाही.

तिनं मायाकडे पाह्यलं. "ताई, गटाच्या कागदावर मायी सही चालते," ती म्हनली. "अन् मायाच पोटासाठी चालत नाही?"

मले रागच आला. शिकलेल्या बायाइले प्रश्नच लय, असं मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, मी का कायदा बनवला?

उमेंद्रचा फोन लागे नाही. एकदा लागला तर तो म्हने, ठेकेदार सोडत नाही, आल्यावर पाहू. ती चार-चार दिवसांनी येऊन विचारे, मोबाईलवर सहीचा फोटो धाडला तर चालते का? मी तेही नाही म्हटलं. होळी गेली, तो आला नाही. मोहफुलं पडाले लागली. बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जात, तीही जाय. चेहरा पांढराफटक पडून राहिला होता. मी तिले रक्तवाढीच्या लाल गोळ्या नेऊन दिल्या. बस, मी इतकंच केलं.

एक दिवस सकाळीच तिची सासू रुख्माबाई बोंबलत आली. दुर्गेश्वरीनं कोनाच्या हातून तरी शहरातून पोट पाडाच्या गोळ्या आनल्या होत्या अन् कोनाले न सांगता खाल्ल्या होत्या. तिसरा महिना सरत आला होता. लुगडं रक्तानं चिंब. दवाखान्याची गाडी याले वेळ लागला. तिचं डोकं माया मांडीवर होतं. अर्ध्या रस्त्यात ती गेली.

उमेंद्र दुसऱ्याच दिवशी आला. दोन महिने न भेटनारी सुट्टी एका फोनात भेटली. प्रेत ताब्यात घ्याच्या कागदावर त्यानं सही केली.

मंग पावसाळ्यात गोंदियाले आमची ट्रेनिंग होती. संध्या मॅडम म्हनून नव्या होत्या शिकवाले. त्या म्हनल्या, बाई अठराच्या वरची असली तर गर्भपातासाठी तिची एकटीची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. माया हातचा पेन तिथंच थांबला. मी उभी राहून विचारलं, हे कधीपासून, मॅडम?

"एकोनीसशे एकाहत्तरपासून," त्या म्हनल्या.

माया जन्म त्याच्या नंतरचा. मी खाली बसली. बाकीच्या बाया लिहून घेत होत्या, मले कागदच दिसेना.

गावात उतरली ते घरी गेलीच नाही. उमेंद्र ओसरीत लहान पोरीची वेनी घालून राहिला होता. मिरचीच्या कामावर तो पुन्हा गेला नव्हता. आपली सही आडवी आली म्हनून त्यानं सारा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, अन् गावानंही त्यालेच दिला होता. मी त्यात गप होती. चार महिने गप होती.

मी उभ्यानंच सांगतलं. तुयी सही लागतच नव्हती. तिची पुरली असती.

त्याचा हात थांबला. अर्धी वेनी हातात धरूनच त्यानं वर पाह्यलं.

"मंग तिले कोनी सांगतलं काऊन नाही?"

"सांगाचं काम मायंच होतं," मी म्हटलं.