वाफेनं न जाणारी घडी

मी चिमटा बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, मेंदूच्या शस्त्रक्रियेतला. आधीच सांगतो, माझं चित्त सध्या थाऱ्यावर नाही. बोलण्यात मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

पोलादाचा माझा जन्म. टोकं इतकी नाजूक, की केसाएवढी रक्तवाहिनी धरली तरी तिला कळू नये. मोठ्या डॉक्टरांना मी त्यांच्या गुरूंनी दिला. दुसरा चिमटा हातात आला की डॉक्टरांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं व्हायचं. त्या लाडानं मी जरा शेफारलोही होतो.

काम झालं की घासणं, धुणं, मग दाबाच्या वाफेत बसणं. तिथून बाहेर पडलो की माझ्याइतकं स्वच्छ जगात कोणी नाही, असा माझा ठाम समज. आता तोच डळमळलाय.

झालं काय, एक शिंपी आला. हात बसलेला कारागीर, पण काही आठवड्यांत त्याचं सगळंच बिनसलं. बाही गळ्याला जोडू लागला. चालताना झोकांड्या, बसल्या जागी दचकणं. तपासण्यांतून उलगडा होईना, तेव्हा बरं होण्यासारखं काही सापडतंय का हे बघायला डॉक्टरांनी मेंदूचा कणभर तुकडा काढला. तो मीच उचलला. मला तरी त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

सिस्टरनी त्या दिवशीची सगळी हत्यारं वेगळ्या डब्यात घातली. म्हणाल्या, "सर, संशयाची केस आहे. रिपोर्ट येईपर्यंत यातलं काही वापरायचं नाही."

"बाकीचं ठेवा हो. माझा चिमटा तेवढा वाफेतून काढून द्या. गाण्याच्या बाईंच्या मेंदूतली गाठ काढायचीय, दुसऱ्या चिमट्यानं माझा हात चालत नाही."

सिस्टर कुरकुरल्या, पण मोठ्यांपुढं बोलणार किती! बाईंच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी मी बंद पाकिटात, डॉक्टरांच्या टेबलावर. आत बाईंना भूल द्यायची तयारी चाललेली. तेवढ्यात शिंप्याचा रिपोर्ट आला, आणि पाठोपाठ शिंप्याची बायको. हिला सांगायचं कसं, एवढंच तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात होतं.

"ताई, मेंदूत एक प्रथिन असतं. तुमच्याही, माझ्याही. ह्यांच्यात त्याची घडी चुकीची पडलीय."

"घडी?"

"कापड तेच, घडी उलटी. ती शेजारच्या चांगल्या प्रथिनाला भिडली की त्याचीही तशीच घडी पडते. मग त्याच्या शेजारच्याची. त्यांचे गठ्ठे साचत जातात, पेशी काम सोडतात आणि मरतात. मेंदूला स्पंजसारखी भोकं पडतात."

"आणि अंग काहीच करत नाही?"

"ते आपलंच प्रथिन ना. अंगाला ते परकं वाटतच नाही."

शिंप्याची बायको हातातला रुमाल दुमडत, उलगडत बसली होती. म्हणाली, "चुकीची घडी आमच्याकडंही पडते. वाफेची इस्त्री फिरवली की जाते. तसलं काही नाही का?"

"नाही ताई. ही वाफेनं जात नाही. उकळलं तरी जात नाही. पोलादाला चिकटली तर नेहमीच्या धुण्यानं..."

डॉक्टर मधेच थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, मी गंजलो की काय.

त्यांनी फोन उचलला. "सिस्टर, बाईंना भूल दिली का? नाही ना? थांबवा. माझा चिमटा येणार नाही, दुसरा काढा. तुमचं बरोबर होतं."

शिंप्याच्या बायकोला यातलं काही उमगलं नाही. तिनं भीत भीत विचारलं, "मी त्यांना हात लावू की नको? मीच भरवते त्यांना."

"लावा. भरवा. हात धरून बसा, त्यानं तुम्हाला काही होणार नाही. औषध मात्र नाही, ताई. फार दिवसही नाहीत."

मग ती रडली. डॉक्टरांनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला.

आता मी झाकण लावलेल्या डब्यात आहे. मला काही सुधरत नाही. शिंप्याचा हात धरला तर चालतं, मला धरलेलं चालत नाही, हा कुठला न्याय? मी तर धुतलेला आहे. आहे ना? ती घडी माझ्या टोकावर बसली असेल तर मला जाणवत का नाही? पण शिंप्याला तरी कुठं जाणवलं होतं? बाही गळ्याला जोडतानाही आपण बरोबरच जोडतोय, असंच त्याला वाटत असणार.

बाईंची गाठ दुसऱ्या चिमट्यानं नीट निघाली म्हणे. ऐकून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. वाईट कशाचं, ते कळत नाही.

काल डॉक्टर डब्यापाशी आले होते. "तपासून ठेवून घेता आलं असतं तर..." असं काहीतरी पुटपुटले. सिस्टर म्हणाल्या, "सर, तपासणार कसं? पोलादावर ती घडी उरलीय का, हे सांगणारी चाचणी कुठंय आपल्याकडं?"

डॉक्टर, माझ्यात जीव अडकवू नका. मी स्वच्छ असेनही. पण कुणाच्या उघड्या मेंदूवर 'असेनही' चालत नाही. मला भट्टीत टाका.